प्रशिक्षण कन्नडमध्ये, वर्ग मराठीत

वाचन-लेखन शिकवणाऱ्या शिक्षकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी चार पत्रं या अंकासाठी घेतली आहेत. चारही कर्नाटकात असलेल्या सीमाभागातल्या मराठी शाळांमधून आली आहेत. पत्रलेखकांची आणि त्यांच्या शाळांची नावं मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातल्या मराठी शाळेत अतिथी शिक्षिका आहे. पहिली ते तिसरी एकाच खोलीत बसते. वाचन-लेखनाचं जे काही प्रशिक्षण होतं ते कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतं, पण हातात दिलेली मार्गदर्शिका वाचायला घेतली की एका पानाला तास जातो. महाराष्ट्रात मराठी वाचनावर चांगलं काम झालंय असं ऐकते. सहकारी म्हणतात, ते आपल्याला लागू नाही. मग मी शिकायचं कुठून?

उत्तर : तुमचं पत्र वाचून गप्प बसवेना. निपाणीपासून कणकुंबीपर्यंत मराठी शाळेतल्या शिक्षकांचं हेच दुखणं आहे. नोकरी आणि अभ्यासक्रम कर्नाटकाचा, वर्गातली भाषा मराठी, आणि मराठी वाचायला कसं शिकवावं याचा खोल विचार केलेली माणसं बहुतेक सीमेपलीकडे. पण तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं मला मान्य नाही. पाठ्यपुस्तक आणि मूल्यमापन कर्नाटकाचं आहे, ते पाळायचंच. शिकवायची रीत मात्र जिथे चांगली दिसेल तिथून घ्यावी, त्याला कुणाची हरकत असायचं कारण नाही.

आधी आपल्या राज्यातलंच सांगते, कारण कन्नड म्हणून आपण ते बाजूला ठेवतो. नली-कली, म्हणजे कार्डांवरून आपापल्या गतीने शिकायची रीत, तुम्ही ऐकून असाल. १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यातल्या प्राथमिक शिक्षकांनी ती उभी केली. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या आसपासच्या खेड्यांतल्या शाळा ते बघून आले. एका खोलीत वेगवेगळ्या वयाची मुलं आपापल्या कार्डावर कशी काम करतात ते त्यांनी पाहिलं आणि आपल्या भाषेत, आपल्या मुलांसाठी कार्डं तयार केली. युनिसेफचा हात होता, पण विचार आणि मेहनत शिक्षकांची. पुढे २००९-१० पासून ती राज्यभर पहिली-दुसरीच्या वर्गांत गेली. तुमच्यासारख्या एकत्र वर्गाला त्यातली शिकण्याची शिडी आणि गटांची मांडणी फार उपयोगी आहे. कोणतं मूल शिडीच्या कुठल्या पायरीवर आहे हे भिंतीवर दिसतं, म्हणून एक गट तुमच्याजवळ असताना बाकीचे आपलं काम काढून बसतात. अक्षरांचा क्रम मात्र तसाच उचलू नका. ‘र ग स द अ’ हा क्रम कन्नड लिपीच्या वळणांवर बेतलेला आहे. ती वळणं देवनागरीत नाहीत.

मार्गदर्शिकेसाठी जवळच्या कन्नड शाळेतल्या एखाद्या बाईंना गाठा. समालोचना सभेला, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीला, तुम्ही भेटताच. त्यांनी एक परिच्छेद मोठ्याने वाचावा, तुम्ही त्याचा अर्थ मराठीत आपल्या वहीत आपल्या शब्दांत लिहावा. शब्दाला शब्द नको. वर्गात काय करायचं एवढंच लिहा. चार पानांची मार्गदर्शिका अर्ध्या पानात येते, आणि तेच अर्धं पान तुम्ही वर्गात नेणार असता.

आता पलीकडचं. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेचं काम तुम्ही पाहावंच. अमेरिकेतून येऊन फलटणला राहिलेल्या डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी भाषेचा आणि इथल्या मुलांचा अभ्यास करून वाचायला शिकवायची रीत बांधली. अक्षरांचे छोटे गट आणि त्यांतून लगेच शब्द, हा तिचा गाभा. दुसरी संस्था क्वेस्ट, पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या सोनाळे गावची. नीलेश निमकर यांनी २००७ साली ती सुरू केली. त्यांचे मराठीतले व्हिडिओ बघताना शिक्षक काय बोलतो यापेक्षा कधी थांबतो, मुलाला किती वेळ देतो, ते बघा. आपल्याकडच्या भाषणवजा प्रशिक्षणात नेमकं तेच दिसत नाही.

वर्गात वाचून दाखवायला ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत, १९७१ सालापासूनचे. बालभारतीची पाठ्यपुस्तकंही पीडीएफमध्ये मिळतात. त्यातले पाठ जादा वाचनाला घ्या, आपली पुस्तकं बदलू नका. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी आणि कन्नड दोन्हींत चित्रगोष्टी आहेत, पातळीप्रमाणे लावलेल्या. त्या छापून वाटायला परवानगी मागावी लागत नाही, फक्त लेखक-चित्रकाराचं नाव ठेवायचं. जांबोटीच्या वर रेंज मिळत नाही हे मला ठाऊक आहे. बाजाराच्या दिवशी खानापुरात किंवा बेळगावात उतरवून घ्या, दोन-तीन गोष्टी छापा, मध्ये टाके घाला. शिक्षक म्हणून स्वतःच्या वाचनासाठी पुण्याहून १९८७ पासून निघणारं ‘पालकनीती’ मासिक लावता आलं तर लावा.

पण एक कळकळीने सांगते. सगळं एकदम गोळा करू नका. फोन भरतो आणि वर्ग होता तिथेच राहतो. या सहामाहीत तुमच्या वर्गाचा एकच प्रश्न घ्या आणि त्याच्यापुरतं साहित्य शोधा.

आणि एकट्या राहू नका. केंद्रातल्या सभेला मराठी शाळा दोन-तीनच असतात, तिथे आपला विषय निघत नाही. म्हणून केंद्राची हद्द सोडून आसपासच्या मराठी शिक्षकांनी महिन्यातून एका शनिवारी दुपारी जमावं. शाळा अर्धा दिवसच असते. प्रत्येकाने तीन मुलांच्या वह्या आणायच्या, एक पुढच्या मुलाची, एक मधल्याची, एक मागे पडलेल्याची. आधी वही सगळ्यांनी शांतपणे बघायची. मग एवढंच बोलायचं : या मुलाला काय येतंय, कुठे अडलंय, पुढच्या महिन्यात काय करून बघायचं. शिक्षकावर टीका नाही, खात्याच्या तक्रारी नाहीत, पगाराचा विषय नाही. अशा बैठकीत बसलेल्या नव्या शिक्षिका वर्षभरात मुलांच्या चुकांकडे किती बारकाईने बघू लागतात, ते मी माझ्या नोकरीत जवळून पाहिलंय. बीआरसीकडे, म्हणजे गट साधन केंद्राकडे, खोली मागा. नाही मिळाली तर शाळेचा व्हरांडा पुरतो. सीआरपींना, म्हणजे केंद्राच्या साधनव्यक्तींना, बोलवा, त्यांना मराठी येत नसलं तरी वही कळते.

प्रश्न : आमच्या एसडीएमसीने (शाळेच्या विकास व देखरेख समितीने) शाळेसाठी काही रक्कम जमवली आहे. अध्यक्षांचं म्हणणं भिंती रंगवून त्यावर मुळाक्षरं काढूया. मला पुस्तकं हवी आहेत. शाळेत एक कपाट आहे, पण त्याला कुलूप असतं, कारण पुस्तकं फाटली तर ऑडिटला उत्तर द्यावं लागतं. काय करू? (निपाणी भागातील शिक्षक)

उत्तर : गुरुजी, पुस्तकंच घ्या. रंगवलेली मुळाक्षरं आठवडाभर बघितली जातात, मग कुणाचं लक्ष जात नाही. अध्यक्षांना दुखवायचं नसेल तर भिंतीचा खालचा हातभर पट्टा काळा रंगवून घ्या, मुलांना खडूने लिहायला. त्यांचा रंगही लागेल आणि मुलांचा हातही चालेल.

कुलूप काढा. वर्गात मुलाच्या खांद्याच्या उंचीवर सुतळी बांधा आणि पुस्तकं तिच्यावर उघडी टाकून ठेवा. फाटलेली पुस्तकं चिकटवायचं काम पाचवीच्या मुलांना द्या आणि रजिस्टरला ‘वापराने जीर्ण’ अशी तारखेसह नोंद करा. वापरलेलं पुस्तक जीर्ण होणारच, ऑडिटवाल्यांना हे समजतं.

शिवाय ग्रामपंचायतीचं ग्रंथालय विसरू नका. २०२० साली ‘ओदुव बेळकु’ (वाचनाचा उजेड) मोहीम निघाली ती मुलांनी या ग्रंथालयांचं सभासद व्हावं म्हणूनच. आता त्यांना अरिवु केंद्र म्हणतात. मुलांची नावं नोंदवून घ्या आणि पंचायतीकडे मराठी बालपुस्तकांची लेखी मागणी द्या. अर्जाला मुलांच्या सह्या जोडा. बेळगाव शहरातलं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालापासून चालू आहे. आपल्या भागाला वाचनालयाची सवय जुनी आहे, गावच्या मंडळींना ती आठवण करून दिली की देणगीचा हात सुटतो.

प्रश्न : येळ्ळूर भागातल्या शाळेत मी तिसरीला शिकवते. वर्गातल्या काही मुलांना सगळी अक्षरं ओळखता येतात, बाराखडी तोंडपाठ आहे, पाठ्यपुस्तकातली कविता घडाघडा म्हणतात. पण नवा शब्द दिला की अडतात. ‘कान’ वाचताना ‘कला काना का, न’ म्हणतात आणि गप्प होतात. कन्नडही पहिलीपासून सोबत आहे. दोन लिप्यांमुळे असं होतं का?

उत्तर : तुम्ही ‘कला काना का’ हे जसं ऐकलं तसं लिहिलंत हे फार बरं केलंत. सगळं दुखणं त्यातच दिसतंय.

मूल काय करतंय बघा. आधी अक्षराचं नाव, मग खुणेचं नाव, मग दोन्ही मिळून आवाज, मग पुढचं अक्षर. ‘न’पर्यंत पोहोचेस्तोवर ‘का’ डोक्यातून गेलेला असतो. त्याला वाचता येत नाही असं नव्हे. वाचायच्या आधी एवढी घोकंपट्टी मध्ये उभी आहे की शब्द हाती लागतच नाही. म्हणून ‘ला काना’ हे बोलणं बंद करा. बोट ‘का’खाली ठेवायचं, ‘का’ म्हणायचं, बोट न उचलता ‘न’वर सरकवायचं आणि दोन्ही आवाज ओढून जोडायचे. काऽऽन. मग विचारायचं, ‘कान कुठाय तुझा?’ मुलाने कान धरला की समजायचं, वाचलं.

त्याआधी एक काम करा. कोण कुठे आहे ते बघा. ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशभरच्या पाहणीसाठी २००५ पासून वापरली जाणारी साधी चाचणी मराठीत मिळते : अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुलाला एकट्याला व्हरांड्यात बसवून घ्या, वर्गात घेतलं की शेजारचा सांगतो. पाठ्यपुस्तक वापरू नका, ते पाठ असतं. कविता घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला त्याच कवितेतली शेवटून दुसरी ओळ बोटाने दाखवायला सांगा, खरं काय ते लगेच कळेल.

मग अडलेल्या मुलांना वेगळी वीस मिनिटं द्या, रोज. संपूर्ण बाराखडी बाजूला ठेवा, तो तक्ता चारशेच्या वर खुणांचा आहे. फक्त पाच अक्षरं घ्या, क म न र ब, आणि एक काना. एवढ्यात किती शब्द होतात बघा : काम, कान, नाक, मान, मका, रान, बाक, बरा, कमान, काका, मामा, बाबा, नाना. वाक्यसुद्धा होतात. ‘बाबा, काम करा.’ ‘मामा, कान बरा का?’ मुलं हसतात आणि पुन्हा वाचतात. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर अक्षरं लिहा, पुठ्ठा जाड असतो. मुलांनी कार्डं सरकवून शब्द बनवायचे, वाचायचे आणि आपल्या हाताने वहीत लिहायचे. हा गट पक्का झाला की भ, त, ल आणि दुसरी वेलांटी आणा. भात, ताल, लाल माती, ‘काकी, भात कर.’ येळ्ळूरच्या मुलांना भात सांगायला लागत नाही, लावणीच्या दिवसांत निम्मा वर्ग शेतावर असतो. एका गटाला दहा-बारा दिवस लागले तरी घाई करू नका. क्रम माझाच धरा असंही नाही. वर्गातल्या मुलांची नावं, गावातल्या वस्तू बघून तुमचा बांधा. अट एकच, पहिल्या दिवसापासून अर्थ असलेले शब्द व्हायला हवेत.

आणि हे चालू असताना सगळ्या वर्गाला रोज एक गोष्ट वाचून दाखवायची. ज्याला अजून वाचता येत नाही त्याला गोष्टीची, लांब वाक्यांची, नव्या शब्दांची वाट बघायला लावायची नाही. अक्षरं आली की मग गोष्टी, असं करत बसलात तर दोन वर्षं जातात.

आता कन्नडचं. २०१५ च्या कायद्याने आपल्या राज्यात प्रत्येक शाळेत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवायचीच आहे, तेव्हा ती आहे असं धरूनच चालायचं. गोंधळाचं मूळ तिच्यात नाही. वर्णमालेचा क्रम दोन्हीकडे तोच, अक्षराला मात्रा जोडायची कल्पना तीच. एका लिपीत ते उमगलं की दुसरीत सोपं जातं. ठेचा ठराविक जागी लागतात. रफार मराठीत अक्षराच्या डोक्यावर बसतो, कन्नडमध्ये त्याची खूण अक्षराच्या उजवीकडे येते. जोडाक्षरात आपण पहिलं अक्षर अर्धं करतो, कन्नडमध्ये दुसरं अक्षर खाली ओत्तक्षर होऊन बसतं. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही आहेत, मराठीत तशी खूण नाही. तिसरी-चौथीत ‘सूर्य’ आणि ‘पुस्तक’ हे दोन्ही भाषांतले शब्द फळ्यावर दोन्ही लिप्यांत शेजारी शेजारी लिहा आणि फरक मुलांना शोधू द्या. शाळेतल्या कन्नड शिक्षकांशी बोलून दोघांनी मिळून हा तास घेतलात तर फारच छान. एकाच मुलाच्या दोन वह्या दोन शिक्षकांनी कधी एकत्र बघितलेल्याच नसतात.

प्रश्न : मी चौथीचा वर्ग शिक्षक आहे, बेळगाव ग्रामीणमध्ये. एका मुलीने स्वतःहून लिहिलं : ‘काल आमच्या म्हशीला रेडकू झालं. बाबांनी कंदील धरला. मी बघूलालो खरं मला झोपआली.’ मुख्याध्यापक म्हणतात, लाल पेनाने सगळं शुद्ध करून द्या. पण तसं केलं की मुलं निबंधाच्या पुस्तकातून उतरवून आणतात. काय बरोबर?

उत्तर : गुरुजी, तुमचा जीव का अडकला ते कळलं. तीन वाक्यांत रात्र आहे, कंदील आहे, बापाचा हात आहे, आणि बघायची हौस असून झोपेने हरलेली पोर आहे. निबंधाच्या पुस्तकातली ‘म्हैस हा उपयुक्त पाळीव प्राणी आहे’ ही चाळीस वाक्यं याच्यापुढे काहीच नाहीत.

आधी तिने जे लिहिलंय त्याबद्दल बोला. रेडा झाला की रेडी? झोप लागली तेव्हा तू गोठ्यातच होतीस? सकाळी बघितलंस तेव्हा ते उभं राहिलं होतं का? ती तोंडी सांगेल. म्हणा, ‘एवढं लिही की.’ आणखी दोन-तीन वाक्यं येतील. हे झाल्यावर दुरुस्तीला एकच गोष्ट घ्या. या मजकुरात ती ‘झोप’ आणि ‘आली’ सुटं लिहिण्याची. पुढच्या आठवड्यात विरामचिन्ह, नंतर ऱ्हस्व-दीर्घ. सगळं एकदम लाल केलं की मूल एवढंच शिकतं की कमी लिहिलं तर कमी चुका होतात.

‘बघूलालो’वर रेघ मारू नका. तिच्या घरी, गल्लीत, आजीच्या तोंडी तेच आहे, आपल्याकडच्या मुली ‘मी आलो’ म्हणतात तेही तसंच. वर्गात एक मोठा कागद लावा, एका बाजूला ‘घरी बोलतो ते’, दुसऱ्या बाजूला ‘पुस्तकात असतं ते’. बघूलालो – बघत होते. खरं – पण. भर मुलांनीच घालायची. मग संवाद लिहिताना डावीकडचं वापरायचं, अर्ज किंवा परीक्षेचं उत्तर लिहिताना उजवीकडचं. चौथीतल्या मुलांना हे छान जमतं. त्यांना कुठे कसं बोलायचं ते आधीच माहीत असतं, घरात एक, कन्नड शेजाऱ्याशी दुसरं.

मुख्याध्यापकांशी बोलताना एका अभ्यासाचा आधार घ्या. लिरिल (लिटरसी रिसर्च इन इंडियन लँग्वेजेस) या नावाने तो ओळखला जातो. कर्नाटकातल्या यादगीर आणि महाराष्ट्रातल्या पालघर जिल्ह्यांत, म्हणजे कन्नड आणि मराठी अशा दोन्ही वर्गांत, पहिली ते तिसरीपर्यंत मुलांचा मागोवा घेऊन तो केला गेला. तिथे वर्गातलं लेखन म्हणजे बहुतेक फळ्यावरचं किंवा पुस्तकातलं उतरवून काढणं, स्वतःच्या मनातलं लिहायची संधी मुलांना फार थोडी, असं आढळलं. आपल्या दोन्ही भाषांवरचा असा अभ्यास मुळात विरळा, म्हणून सीमाभागातल्या शिक्षकांनी तो वाचावाच. अहवाल इंग्रजीत आणि लांब आहे. शनिवारच्या गटात प्रकरणं वाटून घ्या, प्रत्येकाने आपलं प्रकरण मराठीत सांगावं.

तुमच्या शाळेतल्या पहिलीच्या बाईंनाही यात ओढा. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर रोज मुलाला विचारत, तुला आज कोणता शब्द हवा? मूल सांगेल तो शब्द त्या कार्डावर लिहून देत. कुणाला भुताचा, कुणाला आईचा. मनात आधीच दडून बसलेला शब्द मूल एका नजरेत वाचतं. आपल्याकडे कुणी रेडकू मागेल, कुणी ट्रॅक्टर, कुणी गणपती. असा शब्द मागायची सवय पहिलीत लागली तर चौथीत तुम्हाला निबंधाच्या पुस्तकाशी झगडावं लागणार नाही.

तोवर या मुलीच्या लेखनाची एक वेगळी वही करा. तिच्यात लाल पेन जाणार नाही, तुमचे प्रश्न पेन्सिलीने समासात. दर पानावर तारीख. दिवाळीच्या सुट्टीआधी पहिलं पान आणि त्या दिवशीचं पान मुख्याध्यापकांपुढे शेजारी ठेवा : किती वाक्यं, किती शब्द सुटे, किती नवे शब्द, मोजूनच दाखवा. खात्याला आकडे लागतात आणि ते आपल्या बाजूने बोलतात. मुलीची आणि तिच्या घरच्यांची परवानगी असेल तर रेडकाचा पूर्ण मजकूर मला पाठवा, आहे तसा, न सुधारता. दिवाळीनंतरच्या अंकात या सदराचं एक पान त्याला देते.